खिडकीतून ७० मीटर, रस्त्याने २.४ किमी. मागचं गेट उघडून घ्यायचं कसं? (घोडबंदर रोड, ठाणे)

नाइलाजाने_घोडबंदरकर

मंडळी, जरा लांबलचक लिहिणारे, आधीच सांगते.

आम्ही चार वर्षांपूर्वी नौपाड्यातून इकडे वाघबीळच्या पुढे राहायला आलो, तिकडच्या वन रूम किचनच्या पैशात इकडे टू बीएचके, नेहमीचीच गोष्ट. मुलगा सातवीत. त्याचा गणिताचा क्लास आमच्या मागच्याच कॉम्प्लेक्समध्ये आहे. मागच्याच म्हणजे किती, तर आमच्या किचनच्या खिडकीतून क्लासच्या बाईंच्या गॅलरीतली तुळस दिसते, आणि पाणी न घातल्यामुळे ती सुकत चाललीय हेसुद्धा दिसतं. मॅपवर मोजलं, ७० मीटर. आता जायचं कसं ते ऐका. आमच्या मेन गेटमधून बाहेर पडून घोडबंदर रोडला डावीकडे (दुसरा पर्यायच नाही, डिव्हायडर), पुढच्या यू-टर्नला वळायचं, उलट यायचं, त्यांचं गेट दिसत असतं पण पलीकडच्या बाजूला, मग तसंच पुढे जाऊन दुसरा यू-टर्न, मग त्यांचं गेट, आणि गेटपासून आत पार शेवटच्या बिल्डिंगपर्यंत. स्कूटरच्या मीटरवर २.४ किमी. संध्याकाळी सहाला पंचवीस मिनिटं धरा. चालत पाठव म्हणाल तर मेट्रोच्या कामात फुटपाथ कुठे आहे आणि कुठे नाही देवाला माहीत, कंटेनरच्या कडेने बारा वर्षांच्या पोराला एकटं सोडायची माझी तरी हिंमत नाही.

आणि कहर म्हणजे मधल्या भिंतीत गेट आहे! चांगलं टेम्पो जाईल एवढं लोखंडी गेट. आमच्या बाजूचा डांबरी रस्ता त्या गेटला येऊन टेकतो आणि त्यांच्या बाजूचाही. जुने मेंबर सांगतात की आधी उघडं असायचं, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कुलूप लावलं ते आजतागायत. आता तर म्हणे किल्लीच सापडत नाही.

पण वापर थांबलाय असं नाही हं. इस्त्रीवाला दोन्हीकडचे कपडे घेतो, तो गेटखालच्या फटीतून गाठोडं सरकवतो आणि पलीकडे त्याचा भाऊ ओढून घेतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी सकाळी साडेसातला गेटवरून चढून यायच्या. कुणीतरी खाली तीन पेव्हर ब्लॉक रचून पायरी केली होती, आणि गेटच्या मधल्या आडव्या पट्टीवर दोन ठिकाणचा रंग पूर्ण गेलाय, एक पाय ठेवायची जागा आणि एक हाताने धरायची. म्हणजे किती जण चढत असतील बघा. गेल्या महिन्यात कमिटीने वर काटेरी तार लावली. मावशी आता मेन रोडने फिरून येतात, अर्धा तास उशिरा, आणि एक घर सोडलं त्यांनी.

तर प्रश्न असा की हे गेट उघडायचं की नाही हे ठरवतं कोण? सोसायटी, बिल्डर का महापालिका? आणि हा रस्ता नक्की पब्लिक आहे का प्रायव्हेट, हे कुठे बघायचं? नौपाड्यात गोखले रोडवरनं राम मारुती रोडला जायचं तर वाटेल त्या गल्लीतनं घुसायचे मी, तिथे असलं काही डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

आडवी_गल्ली

ताई, मी लेआउट मंजुरीची ड्रॉइंग काढतो, सतरा वर्षं झाली, त्यामुळे थोडं पाप माझ्याही माथी आहे.

उत्तर एका गोष्टीवर अडतं: गेटपाशी येणाऱ्या रस्त्याखालची जमीन कागदावर काय आहे. तो जर विकास आराखड्यातला म्हणजे डीपी रोड असेल आणि जागा महापालिकेकडे हस्तांतरित झाली असेल (बिल्डर अशी जागा देतो आणि बदल्यात टीडीआर म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, किंवा जादा एफएसआय म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकाम घेतो), तर त्यावर कुलूप लावायचा अधिकार कुणालाच नाही, विषय संपला. डीपी रोड आहे पण जागा अजून पालिकेच्या ताब्यात नाही, असं असेल तर भिजत घोंगडं, आणि घोडबंदरला अशी घोंगडी पुष्कळ. तिसरं म्हणजे तो नुसता लेआउटमधला अंतर्गत रस्ता असेल तर तो सोसायट्यांचा किंवा फेडरेशनचा, कन्व्हेयन्स म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली नसेल तर बिल्डरचाच, आणि मग भांडण नाही, मनधरणी. ठाण्याचा जुना डीपी १९९९ चा, सुधारित आराखड्याचा मसुदा २०२४ ला प्रसिद्ध झाला, दोन्हीची शीट बघा. मंजूर लेआउटची प्रत शहर विकास विभागाकडे आरटीआय टाकून मागा. प्रोजेक्ट महारेरात, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाकडे, नोंदलेला असेल तर तिथेही मंजूर नकाशा अपलोड केलेला सापडेल.

आता तुम्ही नौपाड्याचं नाव काढलंत म्हणून जरा पाल्हाळ लावतो, माझा आवडीचा विषय आहे. त्या भागाला जुनी टाउन प्लॅनिंग स्कीम आहे, पाचपाखाडीकडच्या कागदपत्रांत अजून 'टीपीएस नं. १, फायनल प्लॉट अमुक' असं लिहिलेलं असतं. स्कीममध्ये सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र घेतात, आधी रस्ते आखतात आणि मग उरलेल्याचे प्लॉट पाडून परत देतात. म्हणजे रस्ता आधी, प्लॉट नंतर. घोडबंदर, कोलशेत, बाळकुम, पोखरण रोड इकडे झालं उलटं. कुठे कारखान्याची वीस-तीस एकर जागा एकगठ्ठा विकली गेली, कुठे बिल्डरने दहा-बारा सातबारे गोळा केले, आणि त्या जमिनीची जी हद्द तीच कॉम्प्लेक्सची भिंत. डीपीत फक्त मोठे रस्ते दाखवतात. आतलं सगळं ज्याचं त्याने करायचं, आणि प्रत्येकाने आपल्यापुरतं केलं, एक गेट, एक गोल रस्ता, संपलं.

असं वाढलेलं शहर झाडासारखं होतं. या फांदीच्या टोकावरून शेजारच्या फांदीच्या टोकावर जायचं तर आधी खोडापर्यंत उतरायचं आणि परत चढायचं. आपलं खोड म्हणजे घोडबंदर रोड. नौपाडा म्हणजे मासे पकडायचं जाळं, एक धागा तुटला तरी दुसरीकडून जाता येतं. हे मोजायच्या पद्धती आहेत आणि त्या सोप्या आहेत. प्रत्येक नाक्याला किती रस्ते मिळतात ते मोजायचं, बंद टोक असेल तर १, टी असेल तर ३, चौक असेल तर ४, आणि सरासरी काढायची. दुसरी पद्धत म्हणजे रस्त्याचं अंतर भागिले सरळ अंतर. तुमचं २४०० भागिले ७०, चौतीस पट. चांगल्या वस्तीत हा आकडा दीडच्या आत असतो.

यूएन-हॅबिटॅट या शहरांवर काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचा ठोकताळा आहे की एका चौरस किलोमीटरमध्ये किमान १८ किमी लांबीचे रस्ते हवेत. गणित करा: ९ उभे, ९ आडवे, म्हणजे साधारण दर ११० मीटरला एक रस्ता. आपल्याकडच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सची एक बाजू किती असते ते मॅपवर बघा आणि मग मला सांगा.

सेक्रेटरी_आहे_शिव्या_द्या

आडवी_गल्ली साहेब, तुमचं सगळं पटतं हो, पण गेटपाशी तुम्ही राहत नाही.

मी वेगळ्या कॉम्प्लेक्सचा सेक्रेटरी आहे, मानपाड्याकडे. आमचंही मागचं गेट बंद आहे आणि ते मीच बंद केलंय. उघडं होतं तेव्हा काय व्हायचं सांगतो. घोडबंदरला जाम लागला की मॅप लोकांना आमच्या आतला रस्ता दाखवायचा. पोरं जिथे क्रिकेट खेळतात तिथून पार्सलवाले चाळीसच्या स्पीडने. एका आजींना बाईकचा आरसा लागून मनगट फ्रॅक्चर झालं, त्यांच्या मुलाने सर्वसाधारण सभेत माझी जी काढली ती मी अजून विसरलो नाही. वर पलीकडच्या कॉम्प्लेक्समधल्यांचे पाहुणे आमच्याकडे गाड्या लावून जाणार. रस्त्याचे पेव्हर ब्लॉक आमच्या मेंटेनन्समधून, लाइटचं बिल आमचं, वॉचमनचा पगार आमचा. उद्या चोरी झाली तर विचारणार कोणाला? मला. मॅप काढणाऱ्याला नाही.

बाकी ताई, काटेरी तार मात्र चूक आहे. कुणी पडलं त्यावर तर कमिटी गोत्यात येईल, हे तुमच्या कमिटीला सांगा. माझं नाव सांगू नका.

आडवी_गल्ली

सेक्रेटरी साहेब, शिव्या अजिबात नाहीत, तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. पण तुम्ही जे सांगताय तो सगळा त्रास गाड्यांचा आहे, माणसांचा एकही नाही. गाडीला बंद आणि पायी जाणाऱ्याला उघडं, असं करता येतं. रेल्वेच्या हद्दीत, बागांना वाकडंतिकडं पाईपचं फाटक असतं ना, माणूस जातो, बाईक अडकते, तेच.

आणि दुसरं असं की तुमच्याकडचा जामसुद्धा याच कारणाने आहे. समजा मागेपुढे दोन कॉम्प्लेक्स, प्रत्येकी हजार घरं. क्लास, दूध, दवाखाना, आजोळ, भाजी, यातलं निम्मं शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये. खरंतर चालत जायच्या या फेऱ्या, पण त्या सगळ्या स्कूटरवर बसून घोडबंदरवर येतात, आणि तिथे आधीच जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे जाणारा कंटेनर उभा आहे. गणिताच्या क्लासला निघालेला सातवीतला मुलगा आणि कंटेनर एकाच डांबरावर. निदान लोकल गाड्यांना सर्व्हिस रोड होता, आता तोही मेन रोडमध्ये घ्यायचं काम चाललंय. एका बाजूला येऊरचा डोंगर म्हणजे नॅशनल पार्क, दुसऱ्या बाजूला खाडी, रुंद करून करून किती करणार?

मेट्रोचंही तेच होणार. डोंगरीपाडा, विजय गार्डन, कासारवडवली ही स्टेशनं कागदावर लोकांच्या घरापासून चारशे-पाचशे मीटरवर आहेत, पण भिंतींना वळसा घालून दीड किलोमीटर पडलं तर तो माणूस रिक्षाच करणार, नाहीतर बाईक काढणार.

हे फक्त आपल्याकडे नाही बरं का. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल नावाच्या दोन संशोधकांनी २०२० मध्ये ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या ऑनलाइन नकाशावरचे जगभरचे रस्ते घेऊन १९७५ पासूनचा हिशोब मांडला. नवीन वस्त्या जगात बऱ्याच ठिकाणी आधीपेक्षा जास्त तुटक होत गेल्यात, भिंतवाल्या कॉलन्या आणि बंद टोकाचे रस्ते वाढलेत. बोलिव्हिया, पेरू, अर्जेंटिना तिकडे मात्र अजून चौकटीचे रस्ते पाडतात. आणि त्यांचं मला सगळ्यात टोचलेलं वाक्य म्हणजे (शब्द माझे) इमारती पाडून परत बांधतात, रस्त्याची ठेवण मात्र एकदा पडली की जवळपास कायमची. म्हणून म्हणतो, दोन रस्ते एकमेकांना टेकलेले असताना मधे फक्त कुलूप असणं ही लॉटरी आहे, ती सोडू नका. बहुतेक ठिकाणी तिथे एव्हाना पोडियम पार्किंग किंवा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) येऊन बसलेला असतो.

गावठाणातला

वाचतोय केव्हाचा. तुम्ही लोक मॅप बघून बोलताय, मी तुम्हाला मॅपच्या आधीचं सांगतो.

आम्ही कासारवडवलीचे, गावातलेच. माझ्या लहानपणी इकडून वाघबीळ, कावेसर, खाडीपर्यंत शेताच्या बांधावरून जायचो. नकाशात नव्हती पण गाडीवाट होती, बैलगाडी जायची, लग्नाची वरात जायची. माझी आत्या कावेसरला दिलेली, आई सणाला तिच्याकडे पुरणपोळ्यांचा डबा घेऊन पायी जायची आणि त्या गरम असायच्या. शेतं विकली तेव्हा वाट कुणी विकली नाही, पण ती कुणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती मग बिल्डरने विचारायचं कोणाला. एकाने भिंत घातली, लोक दुसरीकडून जायला लागले, मग दुसऱ्याने घातली. विकणारे आम्हीच, त्यामुळे जास्त बोलत नाही.

आता आत्याचा मुलगा वारला तेव्हा रिक्षाने गेलो. एकशे दहा रुपये घेतले.

नेरूळची_शिरवणे_साइड

नवी मुंबईवाल्यांनी उड्या मारायच्या आत मीच लिहिते, कारण दरवेळी आमची मंडळी 'आमचं बघा कसं प्लॅन केलंय' करत येतात.

नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची, म्हणजे इकडे खरंच रस्ते आधी आणि घरं नंतर. सेक्टरच्या आत चालायला मजा येते हे मान्य, कोपऱ्यावर वाणी, पलीकडे शाळा, झाडं. सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघा, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती बसवली आणि ती अंगणं एकमेकांना गल्ल्यांनी जोडली, अजूनही तिथे पोरं या अंगणातून त्या अंगणात पळतात. पण सेक्टरच्या आणि नोडच्या (नेरूळ, वाशीसारख्या उपनगराच्या) बाहेर पडा की रडगाणं सुरू. घणसोली, कोपरखैरणेला लोक रेल्वेच्या या बाजूला राहतात आणि एमआयडीसीतल्या नोकऱ्या त्या बाजूला, मधे रूळ आणि ठाणे-बेलापूर रोड दोन्ही. पलीकडे जायचं तर स्टेशनचा सबवे नाहीतर उड्डाणपूल, मधे कुठेही नाही. पामबीच रोडचा घणसोली ते ऐरोली तुकडा तर वर्षानुवर्षं रखडला, मधे खारफुटी. म्हणजे तुमच्याकडे छोटी गाठ सुटत नाही, आमच्याकडे मोठी.

आणि सेक्टरच्या आतसुद्धा आता सोसायट्या भिंती उंच करायला लागल्यात हं. आमच्या समोरच्या दोन सोसायट्यांमधल्या बोळातून मी पंधरा वर्षं स्टेशनला जात होते, परवा तिथे ग्रिल. का तर म्हणे 'बाहेरचे लोक' जातात. मी बाहेरची!

सेक्रेटरी_आहे_शिव्या_द्या

गावठाणवाले भाऊ, एकशे दहा रुपये वाचून गप्प झालो.

ताई, मी एक सुचवतो, प्रॅक्टिकल. अख्खं गेट उघडा असा ठराव कधीच पास होणार नाही, सभेत पहिलाच माणूस पार्किंगवरून उठेल. दिंडी दरवाजा मागा. जुन्या वाड्यांना मोठ्या दरवाजात छोटा दरवाजा असायचा तसा, वेल्डर अर्ध्या दिवसात करून देतो. वेळ ठरवा, सकाळी इतके ते इतके, संध्याकाळी इतके ते इतके. तीन महिन्यांची ट्रायल लिहा, 'कायमस्वरूपी' शब्द कागदावर येऊ देऊ नका. कॅमेऱ्याचा खर्च दोन्ही सोसायट्यांनी निम्मा निम्मा. आणि सभेत ज्येष्ठ नागरिकांना पुढे बसवा, त्यांना पलीकडच्या दवाखान्यात जायचं असतं, त्यांच्यासमोर कुणी आवाज चढवत नाही. हे मी माझ्याच विरोधात शिकवतोय.

आडवी_गल्ली

सही सल्ला. सोबत आरटीआय टाकाच, कारण डीपी रोड निघाला तर ट्रायलची भीक मागायची गरज नाही. एक अजून. राज्याच्या युनिफाइड डीसीआरमध्ये, म्हणजे २०२० च्या बांधकाम नियमावलीत, लेआउट मंजूर करताना शेजारच्या जमिनीतल्या रस्त्यांशी मेळ घालायला हवा असं स्पष्ट म्हटलंय. तुमचे दोन रस्ते समोरासमोर आलेत ते योगायोगाने नाही, कुणीतरी मंजुरी देताना ते तसे आणवले असणार. सभेत हे जरूर सांगा.

नाइलाजाने_घोडबंदरकर

अडीच महिन्यांनी अपडेट देतेय, सगळ्यांचे आभार, विशेषतः सेक्रेटरी काकांचे.

सभा झाली. अपेक्षेप्रमाणे पहिला माणूस पार्किंगवरूनच उठला. मग तिसऱ्या मजल्यावरचे एक काका, गुडघ्याची दोन ऑपरेशनं झालेले, उभे राहिले आणि एवढंच म्हणाले की मला पलीकडे फिजिओकडे जायला रोजचे ऐंशी रुपये रिक्षाला लागतात, आठवड्यातून चार दिवस, कुणाला हिशोब करायचाय? बाकी मी पाठ केलेलं नियमावलीचं वगैरे बोलायची वेळच आली नाही. ठराव पास, तीन महिने ट्रायल, सकाळी साडेसहा ते दहा, संध्याकाळी चार ते नऊ, फक्त पायी. त्यांच्या कमिटीने दोन मीटिंगा घेतल्या पण हो म्हणाले, कारण भाजीवाला आमच्या बाजूला बसतो.

वेल्डरने जुन्या गेटमध्येच छोटी चौकट कापली. मुलगा आता क्लासला दोन मिनिटांत पोचतो, त्यामुळे पाच मिनिटं आधीपर्यंत मोबाइल, वही विसरला तरी परत येऊन घेऊन जातो. मावशी परत साडेसातला. इस्त्रीवाला मात्र अजून गाठोडं खालूनच सरकवतो, म्हणतो दार अरुंद आहे, गाठोडं अडकतं.

काटेरी तार आमच्या बाजूची काढली, त्यांच्या बाजूची अजून आहे. आरटीआयचं उत्तर आलंच नाही, तीस दिवस कधीच उलटले. आडवी_गल्ली दादा, पहिल्या अपिलाचा नमुना असेल तर द्या ना, आणि अपील कोणाच्या नावाने करायचं तेही सांगा.

आडवी_गल्ली

त्याच विभागातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याच्या नावाने. उत्तर यायची मुदत संपल्यापासून तीस दिवसांत करायचं असतं, त्यामुळे तारीख बघा आधी, उशीर झाला असेल तर कारण लिहून जोडा. नमुना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. अर्जात 'रस्ता कोणाचा' असं विचारू नका, 'मंजूर लेआउटची प्रत आणि रस्त्याच्या जागेची ताबा पावती द्यावी' असं मागा. प्रश्न विचारला की उत्तर टाळता येतं, कागद मागितला की शोधावा लागतो.